विश्लेषण : पायडल थांबतच नाही! काय आहे ‘फिक्सी’ सायकल आणि तिरोड्याच्या रस्त्यावर ती कितपत चालेल?

दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी ऑगस्ट २०२५ मध्ये एका सायकलीविरुद्ध देशभर मोहीम जाहीर केली. मोटारसायकल नव्हे, साधी पायाने चालवायची सायकल. त्याआधी जुलैमध्ये सोलमध्ये एका शाळकरी मुलाचा उतारावर अशाच सायकलीवरून जाताना मृत्यू झाला होता. सायकलीला ब्रेक नव्हता. या सायकलीचे नाव ‘फिक्स्ड गिअर’, लाडाने ‘फिक्सी’. ब्रेकच्या तारा नाहीत, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही. मागचे चाक घासत, आडवे सरकत थांबणारी ही सायकल आता रीलमधून तिरोड्यातल्या मुलांच्या मोबाइलवरही पोहोचली आहे. ही सायकल चालते कशी, ती मुळात कोणासाठी बनली आणि आपल्याकडच्या रस्त्यावर तिचे काय होईल, हे घरात तिचा हट्ट सुरू होण्याआधीच समजून घेतलेले बरे.

फिक्सी म्हणजे नेमके काय?

आपल्या नेहमीच्या सायकलीच्या मागच्या चाकावर फ्रीव्हील असते. पायडल मारले की चाक फिरते, पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि टिकटिक असा आवाज येतो. तो आवाज फ्रीव्हीलच्या आतल्या छोट्या खटक्यांचा. मिस्त्री त्यांना ‘कुत्ते’ म्हणतात. हे खटके एका दिशेला दात पकडतात, दुसऱ्या दिशेला नुसते घसरतात. म्हणून उतारावर पाय स्थिर ठेवून निवांत जाता येते.

फिक्सीत फ्रीव्हीलच नसते. मागची दातेरी चकती थेट हबला घट्ट बसवलेली असते. चाक फिरते आहे तोवर चेन फिरणार आणि चेन फिरते आहे तोवर पायडलही फिरणार. चालवणाऱ्याला थांबायचे असो वा नसो. पाय उलटे दाबले तर चाकाचा वेग कमी होतो. जोर असेल तर सायकल मागेही नेता येते. टिकटिक आवाज नाही. सायकल आणि पाय यांच्यात सुटका नावाची गोष्टच नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘एकच गिअर’ म्हणजे फिक्सी नव्हे. आपल्या आजोबांची सळईच्या ब्रेकची काळी सायकलही एकाच गिअरची होती. दूधवाल्याची, पेपरवाल्याची, मिलमध्ये कामाला जाणाऱ्याची सायकलही एकाच गिअरची. शहरांतल्या फिक्सीवाल्यांना ‘साधेपणा’ म्हणून ज्याचे कौतुक वाटते, तो साधेपणा आपल्याकडे कधीच बाजारातून गेला नव्हता. फरक गिअरचा नाही, फ्रीव्हीलचा आहे.

मग ही नवी सायकल आहे का?

उलट. सगळ्यात जुनी तीच आहे. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल आणली. आजच्या सायकलीचा आराखडा तिथून आला. तिला फ्रीव्हील नव्हते. उतारावर पायडल वेगाने फिरू लागले की लोक पाय उचलून पुढच्या चिमट्यावरच्या खुंट्यांवर ठेवत. एकोणिसावे शतक संपता संपता फ्रीव्हील रुळले आणि सायकल खऱ्या अर्थाने सगळ्यांची झाली. मराठीत तिला ‘पायगाडी’ म्हणत, त्या पहिल्या काळातल्या पायगाड्या याच जातीच्या.

म्हणजे फ्रीव्हील ही चैन नव्हती. थकलेल्या पायांना विसावा देणारी आणि उतारावरची भीती घालवणारी ती सुधारणा होती. फिक्सीवाले जी गोष्ट काढून टाकतात, ती लोकांनी एकेकाळी पैसे मोजून लावून घेतली होती.

ब्रेक नसलेली सायकल मुळात बनते कोणासाठी?

वेलोड्रोमसाठी. सायकल शर्यतीच्या या गोल धावपट्टीवर सगळे एकाच दिशेने जातात, समोरून कोणी येत नाही, आडवी गाय येत नाही. वळणांना मोठा उतार असतो. २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर तो चाळीस अंशांच्याही पुढे जातो. पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून धावणाऱ्या सायकलींत एकाने अचानक ब्रेक दाबला तर मागचे सगळे एकमेकांवर आदळतील. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांत ट्रॅक सायकलीला ब्रेक आणि फ्रीव्हील दोन्ही चालत नाहीत. तिथे ब्रेक नसणे हीच सुरक्षितता आहे.

जपानमध्ये याच सायकलींवर ‘केइरिन’ ही पैजेची शर्यत १९४८ मध्ये कोकुरा शहरात सुरू झाली. घोड्यांच्या शर्यतीसारखा तो रीतसर धंदा आहे, खेळाडूंचे प्रशिक्षण, परवाना आणि सायकलीच्या प्रत्येक भागाची मान्यता त्यात आली. पुढे २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये केइरिन पुरुषांसाठी आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी दाखल झाली.

आता तिरोड्याच्या वाचकाला हे फार दूरचे वाटेल, पण तसे ते नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे या दोघी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या ट्रॅक सायकलिंग संघात होत्या. (त्या स्पर्धेतले ट्रॅक सायकलिंग प्रत्यक्षात लंडनच्या ली व्हॅली वेलोपार्कमध्ये झाले.) १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत गोंदिया जिल्हा भंडाऱ्याचाच भाग होता, तेव्हा या आपल्याच भागातल्या मुली. रीलमधली पोरे जी सायकल फुटपाथवर मिरवतात, तिच्यावर बसून देशासाठी धावणाऱ्या खेळाडू धानाच्या पट्ट्यातून गेल्या, ही गोष्ट तिरोड्याच्या शाळांत फारशी सांगितली जात नसावी. सांगायला हवी.

त्यांच्यापुढची अडचणही याच सायकलीमुळे येते. रस्त्यावरची शर्यत कुठेही होऊ शकते. ट्रॅकची सायकल मात्र ट्रॅकशिवाय निरुपयोगी. महाराष्ट्रात वेलोड्रोम म्हटले की पुण्याजवळ बालेवाडीचे नाव येते, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभ्या राहिलेल्या संकुलातले. तिरोड्याहून ते आठशे किलोमीटरच्या पुढे. छताखालचा लाकडी ट्रॅक हवा तर दिल्लीचे इंदिरा गांधी स्टेडियम गाठावे लागते. राष्ट्रीय अकादमीचा सराव तिथे चालतो. अंदमानचा इसो अल्बेन, मणिपूरचा रोनाल्डो सिंग लैतोंजम हे भारताचे नावाजलेले ट्रॅक सायकलपटूही तिथलेच. रोनाल्डोने २०२२ मध्ये आशियाई स्पर्धेत स्प्रिंटचे रौप्यपदक मिळवले, तेही याच दिल्लीच्या ट्रॅकवर.

मग ती ट्रॅकवरून रस्त्यावर कशी आली?

न्यूयॉर्कच्या सायकल कुरिअरमुळे. ऑफिसांची कागदपत्रे पोहोचवणारी ही मुले दिवसभर रस्त्यावर असत. ट्रॅकची सायकल हलकी, तिला मोडण्यासारखे भागच कमी. गिअर नाहीत, गिअरच्या तारा नाहीत, पावसात बिघडायला काही नाही. कमाई रोजची, त्यामुळे सायकल दुकानात पडली तर दिवस बुडाला. याच धंद्यातून आलेला नेल्सन व्हेल्स १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्प्रिंटचे रौप्यपदक घेऊन आला. १९८६ च्या ‘क्विकसिल्व्हर’ या हॉलीवूडपटात तो पडद्यावरही दिसला.

बारकाईने पाहिले तर न्यूयॉर्कचा तो कुरिअर आणि आपला सायकलवर दूध घालणारा, यांचे गणित एकच आहे : कमी भाग, कमी खर्च, रोज चालली पाहिजे. एकाने फ्रीव्हील काढले, दुसऱ्याने ठेवले. कारण पहिल्याच्या पाठीवर पिशवी होती आणि दुसऱ्याच्या कॅरिअरवर दुधाचे कॅन.

पुढे कुरिअरचे काम ईमेलने कमी केले, पण त्यांची ऐट उरली. २००० नंतरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्को, लंडन, बर्लिन, टोकियो, जकार्ता अशा शहरांत फिक्सी ही तरुणांची फॅशन झाली. रंगीत रिम, आखूड हँडल, मुद्दाम काढलेले ब्रेक. कुरिअरच्या आपसांतल्या गल्लीबोळातल्या शर्यती होत्या, त्यांनाही प्रेक्षक मिळाले. ब्रुकलिनमध्ये २००८ पासून ब्रेकविरहित फिक्सींची ‘रेड हुक क्रिट’ ही शर्यत भरू लागली आणि मिलान, लंडन, बार्सिलोनापर्यंत पोहोचली. २०१८ नंतर ती भरली नाही. लाट ओसरली असे वाटत असतानाच रील आल्या. कोरियात आज जे शाळकरी वयाचे वेड आहे, ते त्या दुसऱ्या लाटेतले.

ब्रेक नाही, मग थांबते कशी?

दोन रीतींनी. एक, पायडलला उलटा जोर देत वेग हळूहळू उतरवायचा. दुसरी म्हणजे रीलमधली : शरीराचा भार पुढे टाकून मागचे चाक हलके करायचे, पाय आडवे अडवून चाक जागेवर लॉक करायचे आणि टायर घासत थांबायचे. याला ‘स्किड’ म्हणतात. दिसायला झकास. पण स्किडमध्ये चाकावरचा भार आपणच काढून घेतलेला असतो, म्हणजे रस्त्यावरची पकडही आपणच घालवलेली असते.

सायकल थांबताना शरीराचा भार पुढे सरकतो. म्हणून पुढचा ब्रेक सगळ्यात जास्त कामाचा आणि मागचा नेहमीच कमकुवत. कोरड्या डांबरी रस्त्यावर फक्त मागच्या चाकाने थांबायला लागणारे अंतर चांगल्या पुढच्या ब्रेकच्या ढोबळमानाने दुप्पट धरावे. ताशी २५ किलोमीटर वेग असेल तर हा फरक साधारण पाच मीटर आणि दहा मीटर असा पडतो. वरचे पाच मीटर म्हणजे ट्रॅक्टरची एक ट्रॉली. ओल्या रस्त्यावर हिशेब आणखी बिघडतो.

उतारावर वेगळेच संकट असते. समजा पुढे ४६ दाते आणि मागे १६ आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर जाते. ताशी ३० किलोमीटरला पायांना मिनिटाला ८३ फेरे मारावे लागतात, ते जमते. वेग ४५ वर गेला की फेरे १२४ होतात. नवख्याचे पाय इथे मागे पडतात आणि एकदा पाय पायडलवरून सुटले की फिरत्या पायडलवर परत ठेवणे जवळजवळ अशक्य. सोलच्या उतारावर जो धोका होता, तो हाच.

जाता जाता एक गमतीचा हिशेब. पुढे ४८ आणि मागे १६ दाते असतील तर प्रमाण नेमके तीनास एक येते, आणि स्किड दर वेळी टायरच्या एकाच जागी होते. महिनाभरात तेवढाच तुकडा झिजून टायर फाटतो. पुढे ४७ आणि मागे १७ ठेवले तर झीज १७ जागी वाटली जाते. म्हणून जाणकार फिक्सीवाले दाते विकत घेताना गणित करतात.

जुन्या सायकलीचे फ्रीव्हील वेल्ड करून फिक्सी बनवता येते का?

या लेखातला हा भाग पालकांनी आणि वेल्डिंगवाल्यांनी जरूर वाचावा. मोबाइलवर हा ‘जुगाड’ दाखवणारे व्हिडीओ सापडतात : जुने फ्रीव्हील, त्यावर वेल्डिंगचे चार टाके, झाली फिक्सी. पन्नास-शंभर रुपयांत काम होते. आणि ते प्राणघातक आहे.

कारण आट्यांत आहे. मागची चकती हबवर उजव्या आट्यांनी बसते. पुढे पायडल मारले की ती आणखी घट्ट होते. पण फिक्सीत थांबण्यासाठी उलटा जोर द्यायचा असतो, आणि उलटा जोर म्हणजे चकती सैल करणारा जोर. खऱ्या फिक्सीच्या हबवर म्हणून दोन वेगवेगळे आटे असतात. चकती उजव्या आट्यांवर, आणि तिच्यावरून डाव्या म्हणजे उलट्या आट्यांची लॉकरिंग. चकती सुटू लागली की लॉकरिंग आवळत जाते. साध्या सायकलीच्या हबला हे दुसरे आटे नसतात. तिथे वेल्ड केलेले फ्रीव्हील धरून ठेवायला काहीच नाही. ते नेमके कधी सुटेल? जेव्हा सगळ्यात जोराने उलटे दाबले जाईल तेव्हा, म्हणजे समोर काहीतरी आले असताना. पाश्चात्त्य मिस्त्री अशा जोडणीला ‘आत्महत्येचा हब’ म्हणतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद ठिसूळ होते, हा धोका वेगळाच.

दुसरा धोका चेनचा. साध्या सायकलीत ओढणी किंवा पँटची बॉटम चेनमध्ये अडकली तर पाय थांबवले की चेनही थांबते. फिक्सीत सायकल थांबेपर्यंत चेन फिरतच राहते. सायकल उलटी करून, चाक फिरवत चेन पुसताना बोटे गमावल्याचे प्रकार जगभर घडले आहेत. चेनकव्हर काढलेली फिक्सी धाकट्या भावंडांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नये, हे दुकानदाराने सांगायला हवे.

कायदा काय म्हणतो?

जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलीला दोन स्वतंत्र ब्रेक सक्तीचे आहेत. २००९ मध्ये बर्लिन पोलिसांनी ब्रेक नसलेल्या फिक्सी जप्त करायला सुरुवात केली. जपानमध्ये, म्हणजे केइरिनच्या मायदेशी, पुढे-मागे ब्रेक नसेल तर रस्त्यावर सायकल आणता येत नाही. ब्रिटनमध्ये फिक्सीचे मागचे चाक हाच एक ब्रेक धरला जातो, पण पुढचा ब्रेक हवाच. लंडनमध्ये २०१६ मध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीची धडक बसून एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला. चालवणाऱ्या तरुणाला पुढच्या वर्षी १८ महिन्यांची शिक्षा झाली, तीही घोडागाड्यांच्या जमान्यातल्या १८६१ च्या कायद्याखाली. कोरियाने तर पालकांनाही यात ओढले आहे : मूल १८ वर्षांखालील असेल तर घरी कळवायचे आणि वारंवार सांगूनही पालकांनी लक्ष दिले नाही तर बालकल्याण कायद्याखाली चौकशी होऊ शकते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातली नोंदणी, परवाना, विमा यांपैकी काहीच सायकलीला लागू नाही. एकेकाळी नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला देत आणि रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवत. तो धाक गेला. मात्र सायकलीने कोणाला धडक दिली तर कायदा हात बांधून बसत नाही. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याचे भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ हे मोटारीपुरते मर्यादित नाही, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६ आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आयएसओ ४२१० हा सायकलीच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय निकष पुढच्या आणि मागच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक मागतो.

तिरोड्यात ती चालेल का?

जमीन म्हणाल तर अनुकूल. धानाच्या बांध्यांचा हा सपाट मुलूख. एक गिअर पुरतो, म्हणूनच तर काळी सायकल इथे इतकी वर्षे टिकली. सकाळच्या वेळी बोदलकसा किंवा चोरखमारा तलावाकडचा रस्ता सायकलीसाठी कोणत्याही शहराने हेवा करावा असा आहे.

बाकी सगळे प्रतिकूल. ३,३०० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पामुळे गावाच्या आसपास जड वाहनांची ये-जा आहे. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर येतो, कापणीनंतर रस्त्याकडेला तणीस पसरते. दोन्हींवर मागचे चाक लगेच घसरते. शिवाय सायकल इथे रिकामी फिरत नाही. मागे गवताचा भारा, पोते किंवा बहीण बसलेली असते. हा भार पायांनी उलटा दाबून थांबवायचा, हे मांड्यांच्या ताकदीबाहेरचे काम आहे.

आणि तिरोडा तालुक्यातली खरी सायकल संस्कृती कुठल्या रीलमध्ये दिसणार नाही. ती शाळा सुटताना दिसते. गोंदिया जिल्हा राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात आहे. शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या गावांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना या कार्यक्रमातून सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते ३,५०० वरून ५,००० रुपये झाले. ही रक्कम सायकल घेण्यापुरती आहे. तिचे ब्रेकचे रबर दुसऱ्या वर्षी झिजते, तार तुटते, आणि मुलगी चप्पल जमिनीला घासत सायकल थांबवू लागते. फिक्सीवाल्याला निदान पायांनी चाक अडवता येते. फ्रीव्हील असलेल्या आणि ब्रेक गेलेल्या सायकलीवर तोही आधार नाही. तेव्हा ब्रेकविरहित सायकलींची चिंता करायचीच असेल तर ती फॅशनपासून नव्हे, शाळेच्या सायकल स्टँडपासून सुरू करावी, असे आमचे मत आहे. ब्रेकच्या रबराची जोडी काही रुपयांत मिळते.

घ्यायचीच असेल तर काय पाहावे?

फिक्सी मुळातच वाईट नाही. तिने पाय गोल आणि सलग फिरवण्याची सवय लागते, रस्त्यावरचे शर्यतपटूही सरावासाठी ती वापरतात, आणि ट्रॅकवर जाण्याचे स्वप्न असेल तर तिच्याशी ओळख लागतेच. दोन्ही ब्रेक असलेली फिक्सी ही पूर्णपणे रस्त्यावरची सायकल आहे. निदान पुढचा ब्रेक तरी कोणत्याही कारणाने काढू नये.

‘फ्लिप-फ्लॉप’ हब असलेली घेतली तर चाक उलटे बसवून त्याच सायकलीला फ्रीव्हील लावता येते; शिकणाऱ्यासाठी हाच शहाणा पर्याय. घेताना मागच्या चाकाजवळ वाकून चकतीवर लॉकरिंग आहे का, ते बोटाने तपासावे. चेनला थोडाच ढील हवा. सैल चेन दातांवरून उतरली की चाक अडकते. पायडलला पट्टे असावेत, म्हणजे वेगात पाय सुटत नाहीत. पहिले काही दिवस शाळेच्या किंवा कॉलेजच्या रिकाम्या मैदानावर घालवावेत, कारण वर्षानुवर्षे फ्रीव्हीलवर चालवलेले पाय वळणावर आपोआप थांबायला जातात आणि फिक्सी त्यांना उचलून फेकते. वळताना आतले पायडल खाली आले की ते रस्त्याला लागते, हेही तिथेच कळते. आणि दुकानदार ‘ही बिनब्रेकचीच येते’ म्हणाला, तर चिमट्याला ब्रेक बसवायचे भोक आहे का ते पाहावे. भोक नसेल तर ती सायकल वेलोड्रोमसाठी बनलेली आहे.